बर्लिन न पाहिलेले बर्लिनवाले

थापा मारणं ही आमच्या घराण्याची जुनी नोकरी आहे. आमचे खापरपणजोबा होळकरांच्या फौजेत होते. लढाईत त्यांनी काय केलं हे कोणालाच ठाऊक नाही, पण लढाई संपल्यावर ती अशी काही सांगायचे की हरलेल्या बाजूचे लोकसुद्धा आपणच जिंकलो समजून इनाम मागायला यायचे. त्यांची तलवार कुठे गेली देव जाणे, जीभ मात्र चार पिढ्या ओलांडून थेट माझ्या तोंडात येऊन बसली. इंदुरात कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपासून, म्हणजे होळकरांच्या समाध्यांपासून, जवळच माझं शेव-नमकीनचं दुकान आहे. लोक म्हणतात, बंडूभियाची शेव चांगली. शेव नुसतं निमित्त. इतवारी सकाळी लोक पोह्यांचे दोने घेऊन माझ्या ओट्यावर येत, मी वरून शेव भुरभुरवत सुरू होई, आणि मग पोहे गार पडत, जिलबी हातातल्या हातात कडक होई, रस्त्यावरची ऑटोरिक्षा थांबे, तिच्यामागची सगळी वाहतूक थांबे. एकदा तर छत्र्यांवरची कबुतरं खाली येऊन ओट्यावर ओळीने बसली होती. हे मी वाढवून सांगत नाहीये. कमी करून सांगतोय.

अशा माणसाच्या पोटात दुखायला लावणं काही खायचं काम नाही. ते मधुकरराव पोतनिसांनी केलं, आणि तेही उभ्या जन्मात एक रंगतदार वाक्य न बोलता.

पोतनीस म्हणजे मिटलेली छत्री. उंच, काटकुळे, खांद्यापाशी किंचित वाकलेले. पोलोग्राउंडमधल्या एका छपाईच्या यंत्रांच्या कारखान्यात त्यांनी नोकरी केली. जर्मनीचे दोन तुकडे होते त्या काळी कारखान्याने त्यांना यंत्रं शिकायला तिकडे पाठवलं, पूर्वेकडच्या, लाल झेंड्याच्या तुकड्यात. तिथून ते एक तपकिरी कोट, एक भाषा आणि काही अजब सवयी घेऊन परत आले. तेव्हापासून सगळं इंदूर त्यांना बर्लिनवाले म्हणायचं. आणि दर वेळी ते शांतपणे दुरुस्ती करायचे, "बर्लिन नाही. लाइपझिगच्या पुढे एक छोटं गाव आहे, तिथे होतो. बर्लिन मी पाहिलं नाही."

आता मला सांगा, हा काय माणूस झाला? मी जर तिकडे नुसता एक चहा पिऊन आलो असतो, तरी ती भिंत माझ्याच कोपराचा धक्का लागून पडली असं साऱ्या माळव्यात झालं असतं. माझ्या ओट्यावर एकदा कोणीतरी त्यांना छेडलं, "अरे भिया, तिथे राहून तुम्ही भिंत नाही पाहिली? हद्द झाली!"

पोतनिसांनी विचार केला. ते प्रत्येक प्रश्नावर विचार करायचे, कितीही फालतू प्रश्न असो. मग म्हणाले, "तुम्ही इंदुरात राहून लालबागचा महाल आतून कितीदा पाहिलाय?"

ओटा हसला. माझा ओटा. मी न बोलता हसला.

त्यांच्या सवयींची तर काय सांगावी कथा! कोटाच्या खिशात कायम एक दोऱ्याची जाळीदार पिशवी, मुठीत मावेल एवढी. का, तर वाटेत काही मिळालंच तर. तिकडे म्हणे कुठल्या दुकानात कधी काय येईल याचा भरवसा नसे. दुकानदाराला विचारलं की तो म्हणे, "आहे, पण आज नाही." हे वाक्य पोतनिसांना इतकं आवडलं होतं की घरी पाहुणा आला आणि साखर संपलेली असली तरी ते तेच म्हणायचे. सरकारबद्दल बोलायचं झालं की उठून आधी रेडिओचा आवाज मोठा करायचे, मग पुटपुटायचे. पुटपुटून सांगायचे काय? तर, "पाण्याची टाकी अजून दुरुस्त केली नाही हो महापालिकेनं."

आणि रांग! रांग दिसली की आधी उभं राहायचं, मग पुढच्याला विचारायचं कशाची आहे. एका साली लालबागच्या जत्रेत ते असेच एका रांगेत लागले. पुढे सगळ्या बायका. यांनी त्याचा काही विशेष अर्थ काढला नाही. नंबर आला तेव्हा कळलं की मेंदी काढून देताहेत. दुसऱ्या दिवशी हा माणूस भाजीबाजारात डाव्या तळव्यावर मोर घेऊन फिरत होता.

मी विचारलं, "पोतनीस, हे काय?"

"नंबर आला होता," ते म्हणाले. "सोडायचा कसा?"

बस्स. एवढंच. मग मी ती गोष्ट हातात घेतली. तिच्यात एक उंट घातला, पोलिस घातले, मेंदीवाली त्यांच्या प्रेमात पडते असं घातलं, शेवटी जत्रेचा पाळणा मोडून पाडला. ओट्यावरच्यांनी ऐकून घेतलं आणि एक जण म्हणाला, "मजा आली भिया. मगर पोतनिसांनी सांगितलं ते जास्त मजेचं होतं."

त्या दिवशी मी शेवेत तिखट दुप्पट टाकलं. गिऱ्हाइकांनी काय पाप केलं होतं, कोण जाणे.

पोतनिसांची बायको जाऊन काही वर्षं झाली होती, मुलगी बडोद्याला. निवृत्त माणूस, घरात एकटा. तिकडचा त्यांचा एक जुना सोबती होता, होर्स्ट नावाचा, एकाच यंत्रावर दोघांनी हात काळे केलेले. त्याने एकदा पेन ड्राइव्हवर भरून त्यांच्या बाजूचे जुने सिनेमे पाठवले. सगळे जर्मनमध्ये, खाली एक ओळ इंग्रजीची नाही. पोतनिसांनी आमच्या मराठी मंडळाचा हॉल मागितला. मंडळाकडे एक प्रोजेक्टर होता, भजनाचे शब्द भिंतीवर दाखवायला घेतलेला. इतवारी सकाळी दहाला सिनेमा, असं फळ्यावर लिहिलं गेलं.

मी पोट धरून हसलो. "ना गाणं, ना मारामारी, ना कोणाला एक अक्षर कळणार. आणि इतवारी पोह्यांच्या टायमाला? कौन आएगा भिया?"

पहिल्या इतवारी म्हणे मोजकी माणसं होती, त्यातली निम्मी पंख्याखाली बसायला आलेली. पोतनीस पडद्याच्या कडेला उभे राहिले. माइक नाही, कागद नाही. पडद्यावर माणसं बोलू लागली की हे त्यांच्या मागोमाग मराठीतून बोलायचे. आमच्या मराठीतून, इंदुरी. क्रेन चालवणारी एक बाई होती, तिला मोठ्या साहेबासमोर उभं केलेलं. साहेब बरंच काही बोलला, मग ती बोलली, आणि पोतनीस म्हणाले, "ती म्हणतेय, साहेब, बक्षीस नको, आधी क्रेनचा ब्रेक ठीक करून द्या." बायकी आवाज काढला नाही, हातवारे नाहीत. रेल्वेची वेळ सांगावी तसं सांगितलं.

दुसऱ्या एका सिनेमात कारखान्याची सभा होती. लाल कापडाच्या टेबलामागे चार पुढारी. अध्यक्ष उठून काही म्हणाला. पोतनीस म्हणाले, "कोणाला काही बोलायचंय का, विचारतोय." पडद्यावर शांतता. माणसं आपापल्या बुटांकडे बघताहेत. पोतनीस म्हणाले, "कोणाला बोलायचं नाहीये." हॉल छप्पर उडेल असा हसला, कारण ती हुबेहूब आमच्या मंडळाची वार्षिक सभा होती. मग सिनेमे आपल्याच मोहल्ल्यातले वाटायला लागले. घर मिळेपर्यंत सासरी अडकलेलं जोडपं, गाडीसाठी नाव लावून म्हातारा झालेला मास्तर, जिन्यात कोण आलं-गेलं ते पडद्याआडून बघणारी खालच्या मजल्यावरची बाई. आमच्या बायका म्हणायच्या, "हाव, ही तर आपली अमकी!"

हे सगळं मला ऐकून माहीत, कारण मी जात नव्हतो. जायची गरजही नव्हती. माझा ओटाच उठून तिकडे गेला होता. इतवारी सकाळी मी, माझी कढई आणि ती कबुतरं. कबुतरंसुद्धा कमी झाली होती.

आणि शैला जायला लागली. शैला माझी बायको. माझ्या कथांना तिने आजवर एकच शब्द दिला आहे: "पुढे?" पाणी तापलं का, असं विचारावं तसा. तीच बाई मंडळातून डोळे लाल करून घरी यायची आणि मेथी निवडताना मध्येच थांबायची.

इथे घरातली एक गोष्ट सांगणं भाग आहे, आणि तिच्यात मी काही घालणार नाही. आमचा अभी मेलबर्नला असतो. त्याने तिकडे लग्न केलं आणि आम्हाला नंतर कळवलं. शैलाने फोनवर सांगितलं, "आता पुन्हा फोन करू नकोस." आमच्या घराण्यात आजवर आईचं ऐकणारा एकही मुलगा झाला नव्हता, नेमका हा निघाला. त्याने फोन केला नाही. तिनेही केला नाही. आधी त्याने विचारावं, हा तिचा हट्ट. तूच नको म्हणालीस, हा त्याचा. मला त्याचे मेसेज यायचे. "बाबा, दुकान कसं? बीपी कसं?" आईबद्दल एक अक्षर नाही.

मेसेज आला की शैला दारात उभी राहायची. विचारायची नाही. मग मीच सुरू करायचो. "अगं, तुझ्याबद्दलच विचारत होता! म्हणाला, आईच्या हातच्या वरणाची आठवण आली की समुद्राकाठी जाऊन रडतो. तिथले पोलिस म्हणे त्याला ओळखतात आता, रुमाल घेऊनच येतात."

"पुढे?"

"पुढे काय, म्हणाला, घर विकतो, विमान भाड्यानं घेतो..."

"बरं," ती म्हणायची आणि आत जायची. गोष्ट जेवढी मोठी, तेवढी ती लवकर आत जायची.

एका इतवारी सिनेमानंतर चहाला तिने पोतनिसांना गाठलं. हे तिनेच घरी येऊन सांगितलं. तिने विचारलं होतं, "तिकडे पलीकडच्या भागात निघून गेलेल्या मुलांना इकडच्या आया फोन करू शकायच्या का हो?"

ते म्हणाले होते, "पोस्टात जाऊन नंबर लावायचा. कधी तासाभरात लाइन मिळायची, कधी मिळायचीच नाही."

"आणि मिळाली की?"

"मिळाली की काय बोलायचं ते आठवायचं नाही."

हे सांगताना शैलाचा आवाज चिरकला. माझ्या समुद्रकाठाला, पोलिसांना, विमानाला जे जमलं नव्हतं ते या छत्रीच्या काडीने सात शब्दांत केलं. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की त्यावर शेव तळता आली असती.

त्यावर वरताण म्हणजे मंडळाचे सेक्रेटरी देवस्थळे. गणपतीत एका संध्याकाळी कथाकथन असतं, आणि ती संध्याकाळ कायम माझी. देवस्थळे दुकानात आले, लसणाची शेव मागितली, नमुना चाखला, पुन्हा चाखला आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "बंडूभिया, इस बार जरा पोतनिसांना बसवू या का? लोकांची मागणी आहे. आप तो घर के हो."

"बसवा ना," मी म्हणालो. "क्यों नहीं? झोप लागत नाही अशी माणसं फार झालीत हल्ली."

पण त्याच क्षणी मी ठरवलं. हा माणूस खोटं बोलत असणार. बोलत असणारच! खरं सांगून हॉल भरतो हे निसर्गनियमाच्या विरुद्ध आहे. मी जन्मभर या धंद्यात आहे, मला कळत नाही? पडद्यावरचा माणूस पाच मिनिटं ओरडतो आणि हे म्हणतात, "नाही म्हणतोय." इंदुरात जर्मन कोणाला येतं? मनाला येईल ते ठोकत असतील. एकदा भर हॉलमध्ये उघडं पाडलं, की गणपतीची संध्याकाळ माझी, ओटा माझा, आणि शैलालाही कळेल की थाप ती थाप, पोतनिसांची काय आणि माझी काय.

वरच्या मजल्यावर केतकी नावाची भाडेकरू आहे. पुण्याची, इथल्या एका संगणक कंपनीत नोकरी. तिच्या कंपनीची कामं जर्मनीतून येतात म्हणून ती भाषा रीतसर शिकलेली. मी जिन्यात तिला अडवलं.

"काका, रविवारी मला फक्त झोपायचं असतं," ती म्हणाली.

"पूर्ण महिना लसणाची शेव, घरपोच."

"रतलामी पण."

"दिली!"

आम्ही शेवटच्या रांगेत बसलो. दर वाक्याला मी कोपर मारायचो. "खरं?"

"खरं."

"पण तो इतका वेळ बोलला!"

"काका, जर्मन क्रियापद शेवटी येतं, वेळ लागतो त्यांना. फार नेमकं करताहेत हो ते. मला ऑफिसात इतकं सुंदर नाही जमत."

इतका राग आला की तिची रतलामी रद्द करावीशी वाटली. सिनेमा संपल्यावर ती कुठे गेली ते मी पाहिलंही नाही. मी बाहेर येऊन मंडळाच्या कुंपणाला लाथ मारत होतो.

पण हार मानेल तो माझा खापरपणजोबा नव्हे. पुढच्या इतवारी पुन्हा तिला घेऊन गेलो. त्या दिवशीचा सिनेमा एका आईचा होता. लाँड्रीत इस्त्री करणारी बाई, वाफेत उभी. मुलगा भिंतीपलीकडे निघून गेलेला, पत्र नाही, काही नाही. तिकडे म्हाताऱ्या माणसांना पेन्शन मिळू लागली की पलीकडे नातेवाइकांना भेटून यायची परवानगी मिळे. जा, आणि नाही परत आलात तरी सरकारचं काही बिघडत नाही, असा हिशेब. शेजारची म्हातारी अशीच जाऊन येते. येताना कॉफीचं पाकीट आणते. ते टेबलावर ठेवते. ही आई काही विचारत नाही. कप धुते. धुतलेला कप पुन्हा धुते. मग पाठमोरी असतानाच काहीतरी बोलते.

पोतनीस म्हणाले, "विचारतेय, माझ्याबद्दल काही विचारलं त्यानं?"

पडद्यावर म्हातारी टेबलावरचे चुरे गोळा करायला लागली. मग मान न उचलता एक छोटं वाक्य बोलली.

पोतनीस गप्प राहिले. मग म्हणाले, "विचारतो. नेहमी विचारतो."

केतकी खुर्चीत ताठ झाली. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "काका, ती नाही म्हणाली. 'नाही विचारलं,' असं म्हणाली."

काय सांगू! माझ्या छातीत बँड वाजला, घोडे नाचले, आतषबाजी झाली. सापडला! मी खुर्चीवरून अर्धा उठलो.

तोवर पडद्यावर ती आई येऊन बसली होती. चेहरा हातांत. मग तिने ते कॉफीचं पाकीट हाताने दूर सरकवलं आणि काही बोलली.

"म्हणतेय, घेऊन जा हे, मला नको," केतकी कुजबुजली.

पोतनीस म्हणाले, "म्हणतेय, ठेवून दे. तो येईल तेव्हा करू."

आणि देवाशपथ सांगतो, तोच हात, तेच सरकवणं, आणि हॉलमधल्या प्रत्येकाने पाकीट जपून बाजूला ठेवलेलं पाहिलं. मीसुद्धा पाहिलं! अहो, मी या कलेत केस पांढरे केलेत. थाप मारणं सोपं असतं; चित्र समोर हलत असताना, जिचं रडणं दुसऱ्यानेच ठरवलंय अशा बाईच्या तोंडात थाप घालणं आणि तिचे अश्रू न पुसता त्यांचं कारण बदलणं, हे माझ्या सात पिढ्यांना जमलं नसतं. इतके दिवस मी या माणसाचा मत्सर करत होतो तो नुसता सराव होता. खरा मत्सर त्या क्षणी सुरू झाला.

मग मी बघितलं, ते कुठे बघताहेत. पडद्याकडे नाही. दुभाषा पडद्याकडे बघतो. गोष्ट सांगणारा माणसाकडे बघतो. ते तिसऱ्या रांगेत बघत होते, शैलाकडे. तिच्या तोंडावर पदर होता.

सिनेमा संपला. दिवे लागले. देवस्थळे नेहमीप्रमाणे उठून म्हणाले, "कोणाला काही बोलायचंय का?" आणि मी तर आधीपासूनच अर्धा उभा. "हां, बोला बंडूभिया!"

सगळा हॉल वळला. शैलाही वळली. माझ्या तोंडात माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट होती, आणि गंमत म्हणजे ती पहिल्यांदाच खरी होती. साक्षीदार शेजारी. गणपती आठवड्यावर.

"पंख्याला तेल घाला," मी म्हणालो. "फार कुरकुरतो." आणि बसलो.

"बस इतना ही?" देवस्थळे म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेलाबद्दल.

केतकीने एकदा माझ्याकडे, एकदा तिसऱ्या रांगेकडे पाहिलं आणि आपली पर्स उचलली. पुण्याची असली तरी समजूतदार पोरगी.

घरी आल्यावर शैलाने चप्पल काढता काढता विचारलं, "केतकी तुमच्या कानात काय सांगत होती?"

"नेमकं करताहेत म्हणाली."

ती माझ्याकडे बघत उभी राहिली. मी त्यात उंट घालीन याची वाट बघत होती. मी पाणी पिण्याचं निमित्त काढून आत गेलो. बाहेरून आवाज आला, "तिकडे आता किती वाजले असतील हो?"

"संध्याकाळ असेल."

मग, "अभी? ... हो, मीच आहे." पोतनीस म्हणाले होते तसंच; बोलायचं आठवेना. मी स्वयंपाकघरात न पेटवलेल्या गॅससमोर उभा होतो. मग ती म्हणाली, "जेवलास?" आणि तिकडून काय उत्तर आलं कोण जाणे, पण शैला हसली. इतक्या वर्षांत माझ्या एका कथेला ती तशी हसलेली नाही.

तडक पोतनिसांच्या घरी गेलो. भांडायलाच. "बर्लिनवाले, ती म्हातारी नाही म्हणाली होती!"

"हो," ते म्हणाले. "बसा."

"माझ्या भाडेकरूला जर्मन येतं!"

"माहीत आहे. मागच्या इतवारी बोललो आम्ही. उच्चार चांगले आहेत तिचे."

मी उभाच. "म्हणजे ती हॉलमध्ये आहे, हे माहीत होतं?"

"दिसत होती ना. तुमच्या शेजारी."

"आणि मी उठून सांगितलं असतं तर?"

त्यांनी नेहमीसारखा विचार केला. "तर मी चुकलो म्हणालो असतो," ते म्हणाले. "चहा घेणार? साखर आज आहे."

मी चहा घेतला आणि जीभ भाजून घेतली. जन्मभर मी थाप मारण्याआधी पंचक्रोशीत साक्षीदार नाही ना हे बघत आलो. हा माणूस साक्षीदार समोर बसवून मारतो, एकच मारतो आणि ती लागते. "गणपतीत काय सांगणार?" मी विचारलं. "थोडं तिखटमीठ टाका म्हणजे झालं."

"मला ते येत नाही हो बंडूभिया."

"आता तरी येत नाही म्हणू नका!" मी ओरडलो.

हिवाळ्यात ते मुलीकडे बडोद्याला गेले आणि तिथेच वारले. सिनेमे बंद झाले, पंखा अजून कुरकुरतो. पण मला पोतनीस आठवतात ते गणपतीच्या त्या संध्याकाळचे. स्टेजवर एक खुर्ची, त्यांच्या अंगात तो कोट, बाजूला आरास. सिनेमा नव्हता, नुसते ते. एका बस-ड्रायव्हरची गोष्ट सांगत होते. त्याचा रस्ता सरहद्दीने मध्येच तोडलेला, तरी तो रोज शेवटच्या स्टॉपपर्यंत जातो आणि रिकामी बस वळवून आणतो. हॉल खच्चून भरलेला. मी पहिल्या रांगेत, त्यांची चूक पकडायला. शेजारी शैला.

ऐन रंगात तिच्या पर्समध्ये फोन थरथरला. तिने नाव पाहिलं आणि उठली. पहिल्या रांगेतून, सगळ्यांच्या गुडघ्यांना धडकत, खुर्च्या सरकवत. मागून कोणीतरी म्हणालं, "अहो बसा ना!"

गोष्ट सांगणाऱ्याच्या समोरून त्याचा सगळ्यात चांगला श्रोता उठून जातो, याहून वाईट मरण नाही. माझ्या बाबतीत असं झालं असतं तर मी मोदक फेकून मारला असता. पोतनीस वाक्याच्या मध्येच थांबले. कोणाला वाटलं असेल, विसरले. ते विसरले नव्हते. हॉलच्या लांबीभर त्यांची नजर तिच्याबरोबर गेली. दाराशी तिची चप्पल सापडेना, तोवरही ते थांबले. आख्खा हॉल त्या रिकाम्या बसमध्ये बसून राहिला. मग दार लागलं, बाहेरून "हां, बोल रे" असं ऐकू आलं, आणि त्यांनी पुढच्या रांगेत माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून मान हलवली आणि बस वळवली.